बाळाचा इसब आणि चिठ्ठीचा खर्च

तान्ह्या बाळाच्या गालांवर लाल, खडबडीत चट्टे उठतात. रांगायच्या वयात ते गुडघ्या-कोपरांवर येतात आणि पुढे त्यांच्या लवणीत जाऊन बसतात. खाज रात्री वाढते, घर जागते. अटोपिक इसबाच्या अनेक मुलांत त्वचेची पाणी धरून ठेवणारी भिंत मुळातच सैल असते. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषाशी असलेला तिचा संबंध २००६ साली पुढे आला. ही भिंत लिंपत राहणे हाच उपचाराचा पाया, आणि ते काम महिनोन्‌महिने चालते. महिन्याच्या पगारात न बसणारा उपचार तिसऱ्या आठवड्यात बंद पडतो. म्हणून इसबाची चिठ्ठी लिहिताना खर्चाचा विचार हा उपचाराचाच भाग आहे.

अंबरनाथ पश्चिमेच्या ओपीडीत अशा बाळाची आई पिशवी उघडते तेव्हा तिच्यातून बेबी लोशनची लहान बाटली, पावडरचा डबा, अंघोळीच्या पाण्यात टाकायचे अँटिसेप्टिक, ॲलर्जीच्या रक्ततपासणीचा अहवाल आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, स्टेरॉइड, अँटिबायोटिक व अँटिफंगल एकत्र असलेली ट्यूब बाहेर येते. पैसे खर्च झालेले असतात. पुरेसे स्निग्ध मलम तेवढे त्यात नसते.

इसब म्हणण्याआधी खरूज तपासावी. एका खोलीत पाच-सहा माणसे झोपणाऱ्या चाळींत ही चूक सर्वांत महाग पडते. घरात आणखी कोणाला रात्री खाज सुटते का, हा प्रश्न फुकट आहे. बाळाचे तळहात, तळपाय, काखा आणि लंगोटाखालची जागा पाहायला दोन मिनिटे लागतात. खरूज असेल तर ५ टक्के परमेथ्रिन घरातल्या सर्वांना एकाच दिवशी आणि आठवड्याने पुन्हा लावावे लागते; दोन महिन्यांपेक्षा लहान बाळासाठी वेगळा निर्णय घ्यावा.

आता मलमाचे प्रमाण. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या सूचनांत इसबाच्या मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम स्निग्ध मलम सांगितले आहे. तान्ह्या बाळाला याहून कमी पुरते, तरी ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर चालली असेल तर उपचार झालाच नाही, असे समजावे. मग घ्यायचे कोणते? या प्रश्नाचे उत्तर गरीब घराच्या बाजूचे आहे. ब्रिटनमधील ५५० मुलांच्या चाचणीत लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट यांच्या गुणात फरक आढळला नाही. निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यामुळे सुगंध नसलेली साधी पेट्रोलियम जेली किंवा पांढरे सॉफ्ट पॅराफिन व लिक्विड पॅराफिनचे मिश्रण मोठ्या बरणीत लिहून द्यावे, आणि घटकांच्या नावानेच लिहावे. एप्रिल-मेच्या घामात जेलीखाली घामोळे उठते, तेव्हा दिवसा हलके क्रीम आणि रात्री जेलीचा पातळ थर हा मार्ग धरावा. शेगडी, समई आणि उदबत्तीपासून पॅराफिन लावलेले कपडे दूर ठेवायला सांगायला विसरू नये. शुद्ध खोबरेल तेल सौम्य इसबात चालते. ऑलिव्ह तेल त्वचेची भिंत बिघडवते, मोहरीचे तेल झोंबते, दोन्ही टाळावीत.

अंघोळ रोज, कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत आटोपावी. डाळीचे पीठ चोळणे, अँटिसेप्टिक, पावडर आणि अंघोळीनंतरची शेगडीवरची धुरी हे सगळे बंद करावे. यांतली धुरी आजीच्या मायेची असते, म्हणून ती का नको हे आजीलाच समोर बसवून सांगावे. साबण मळलेल्या जागेपुरता. अंग टिपून, ते ओलसर असतानाच मलम लावावे. कपड्यांसाठी जुन्या सुती साडीचे दुपटे उत्तम. ब्रिटनमध्ये रेशमी कपड्यांची चाचणी झाली, २०१७ च्या निष्कर्षात त्यांचा फायदा दिसला नाही.

अंबरनाथ-उल्हासनगर पट्ट्यातले पालक पाण्याला आणि हवेला दोष देतात. वालधुनी नदीच्या काठी राहणाऱ्यांची, एमआयडीसीतल्या कारखान्यांचा रात्रीचा उग्र वास सोसणाऱ्यांची तक्रार खोटी नाही आणि ती डॉक्टरांनी झटकू नये. पण त्या भीतीपोटी कर्ज काढून पाणी मृदू करणारे यंत्र घेणे व्यर्थ आहे: २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा यंत्राने मुलांचा इसब सुधारला नाही. कारखान्यातून आलेल्या वडिलांनी कपडे बदलून, हात धुऊन बाळाला घ्यावे. उल्हासनगरात जीन्सचे धागे कापायचे काम घरी होत असेल, तर बाळाची झोपायची जागा त्या ढिगापासून लांब असावी.

स्टेरॉइडच्या बाबतीत दोन्ही टोके घातक. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, तरी क्लोबेटासोलच्या मिश्र ट्यूबा बाळाच्या गालांवर लागतच आहेत. दुसरीकडे, ‘स्टेरॉइड’ शब्दानेच घाबरलेली आई हायड्रोकॉर्टिझोनही लावत नाही. चेहऱ्याला १ टक्का हायड्रोकॉर्टिझोन पाच ते सात दिवस, अंगावरच्या जाड चट्ट्यांना मध्यम ताकदीचे मलम, आणि मोजमाप प्रत्यक्ष दाखवून: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाच्या चेहरा-मानेला अशी एक रेघ, एका पायाला दीड. आईच्याच बोटावर ती काढून दाखवली की तिची भीती निम्मी होते.

रक्ततपासणीत दूध वा अंड्यासमोर ‘पॉझिटिव्ह’ आले, एवढ्यावरून ॲलर्जी ठरत नाही. खाल्ल्यावर लगेच गांधी, उलटी, सूज असा इतिहास असेल किंवा योग्य उपचारानेही तीव्र इसब हटत नसेल, तरच त्या वाटेने जावे. एरवी दूध, अंडी, शेंगदाणे तोडल्याने मूल कुपोषित होते, आणि अंगावर पाजणारी आई वरण-भातावर राहते.

ताप आणि टोचून काढल्यासारखे एकसारखे खोल व्रण दिसले तर हर्पिसची शंका घेऊन त्याच दिवशी उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात पाठवावे. बाकीच्यांना दोन आठवड्यांनी बोलवावे आणि येताना मलमाची बरणी आणायला सांगावे. बरणी भरलेली असेल तर औषध बदलू नये; ती का भरलेली राहिली, ते आधी विचारावे.