नातवंडांचे मैदान: तिकडचे आणि इकडचे

अंधेरी-बोरिवलीच्या, मुलुंड-घाटकोपरच्या मध्यमवर्गीय घरांतील आजी-आजोबांनी चार-सहा महिने परदेशी मुलांकडे जाऊन राहणे यात आता नवल उरलेले नाही. मुलगा-सून कामावर गेली की नातवंडाचे बोट धरून कोपऱ्यावरच्या क्रीडांगणात जाऊन बसणे, हा त्यांचा तेथील दिनक्रम. भाषा पुरती उमगत नाही, ओळखीचे कोणी नाही. पण फाटकाशी कोणी सदस्यत्वाचे कार्ड मागत नाही. वाळूच्या खड्ड्यात शेजारी खेळणाऱ्या मुलाचा बाप काय करतो, याची चौकशी होत नाही. परतल्यावर ही मंडळी तेथल्या घसरगुंड्यांचे मनापासून कौतुक करतात आणि शेवटी निःश्वास टाकतात: श्रीमंत देश आहेत ते, त्यांना परवडते.

हे निदान तपासून पाहिले पाहिजे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲमस्टरडॅमची माणसे उपासमारीने मरत होती. जळणासाठी, हद्दपार केलेल्या ज्यूंच्या रिकाम्या घरांतील तुळया काढून नेल्या गेल्या आणि ती घरे कोसळली. अशा शहराच्या महापालिकेने १९४७ साली आल्डो व्हान आइक या आपल्या सेवेतील तरुण वास्तुरचनाकाराकडून बर्टेलमनप्लाइन येथे पहिले छोटे क्रीडांगण करून घेतले. सामग्री काय, तर काँक्रीटचा कठडा असलेला वाळूचा खड्डा, कोलांट्या मारायला लोखंडी कांबी, चार बाकडी. वस्तीतील लोक महापालिकेला पत्र लिहीत आणि महापालिका जागा शोधे. पडक्या घरांचे मोकळे भूखंडही तिने वर्ज्य मानले नाहीत. १९७८ पर्यंत अशी सातशेहून अधिक क्रीडांगणे झाली. त्या आरंभामागे श्रीमंती नव्हती, निर्णय होता.

आता मुंबईकडे पाहू. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांच्या वर गेला. २०३४ च्या विकास आराखड्याच्या तयारीत मात्र दरडोई मोकळी जागा भरली अवघी १.२४ चौरस मीटर, म्हणजे एक खाटही धड मावणार नाही इतकी. केंद्राची नगरनियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वे १० ते १२ चौरस मीटरची शिफारस करतात. आणि जे उरले आहे तेही खाजगी संस्थांना 'दत्तक' देण्याचे धोरण वारंवार डोके वर काढते. जानेवारी २०१६ मध्ये ते महापालिकेत संमत झाले, नागरिकांच्या विरोधामुळे राज्य शासनाला त्यास स्थगिती द्यावी लागली. २०२३ मध्ये नवा मसुदा आलाच. (एरवी दत्तक जाते ते मूल, येथे मुलांची जागाच दत्तक जाते!) अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील कारण उघड आहे. उपनगरातील जमिनीला जो भाव येतो, त्याच्याशी तुलना केली की मुलांच्या खेळण्याचे उत्पन्न शून्य ठरते. ज्या वस्तूचा बाजार नाही तिची किंमत समाजानेच ठरवावयाची असते, आणि ती ठरवणारी लोकनियुक्त सभाच मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ अस्तित्वात नव्हती.

परंतु सारा दोष महापालिकेच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. पुनर्विकासात जुन्या सोसायटीचे अंगण मोटारींसाठी जाते आणि खेळाची जागा पोडियमवर चढते. मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची जागा तिची भरपाई नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये बजावले होते. तरीही पोडियमचे आकर्षण ओसरत नाही, कारण तेथे पहारेकरी ठेवता येतो. घरकामाला येणाऱ्या बाईचे मूल त्या झोपाळ्यावर बसू नये, असा ठराव सर्वसाधारण सभेत येतो तेव्हा हात वर करणाऱ्यांत परदेशच्या मैदानाचे कौतुक करणारे आजोबाही असतात. तिकडे त्यांचा नातू कोणाच्या परवानगीने खेळत होता, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

तो त्यांच्यापुढे ठेवण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे. के पूर्व, के पश्चिम, आर मध्य, एन आणि टी या विभागांत खेळाच्या मैदानासाठी आरक्षित भूखंड कोणते, हे विकास आराखड्याच्या नकाशांवर नोंदलेले आहे. ते नकाशे हाती घेऊन प्रत्येक भूखंडावर जावे, तेथे आज काय उभे आहे ते लिहून घ्यावे आणि त्या यादीसोबत वस्तीतील पालकांची पत्रे विभाग कार्यालयात द्यावीत. झोपडपट्टीतील पालकांच्या सह्या मिळतील. सोसायट्यांतील सह्यांना वेळ लागेल. त्यांची सुरुवात नुकत्याच परदेशाहून आलेल्या आजोबांपासून करावी.