प्लॅस्टिकची गिटार आणि खरी मनगटे

आरोग्याच्या सदरात गिटारचे काय काम, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. त्यातून ही गिटार खरी नाही, प्लॅस्टिकची आहे. तिला तारासुद्धा नाहीत. पण गेल्या वर्षभरात या वस्तूवरून माझ्या दवाखान्यात तीन-चार वेळा तरी चर्चा झाली आणि प्रत्येक वेळी असे दिसले की, मुलाच्या मनगटापेक्षा घरातल्या माणसांचे डोकेच जास्त दुखत होते. म्हणून एकदा सविस्तर लिहायचे ठरवले.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. आकार गिटारचा, पण चण लहान. दांड्यावर हिरवे, लाल, पिवळे, निळे आणि नारिंगी अशी पाच बटणे. जिथे तारा छेडायच्या तिथे वर-खाली होणारा एक खटका आणि शेजारी एक छोटी दांडी. ही गिटार व्हिडिओ गेमच्या यंत्राला किंवा कॉम्प्युटरला जोडतात. स्क्रीनवर एक रस्ता दिसतो आणि त्यावरून रंगीत ठिपके आपल्या दिशेने सरकत येतात. ठिपका रेषेवर पोचला की त्या रंगाचे बटण दाबून त्याच क्षणी खटका मारायचा. वेळ साधली तर गाण्यातली गिटार वाजते, चुकली तर ती गप्प होते.

अशी तीन बटणांची गिटार १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या कोनामी कंपनीने खेळघरांत आणली होती. तिचा खरा बोलबाला झाला तो २००५ साली अमेरिकेत ‘गिटार हीरो’ हा खेळ निघाल्यावर. तो तयार करणारी हार्मोनिक्स कंपनी एमआयटीत शिकलेल्या दोघांनी १९९५ मध्ये काढली होती. जे कधी वाद्य शिकले नाहीत त्यांनाही वाजवण्याचा आनंद मिळावा, हा त्यांचा उद्देश. पुढे २००७ मध्ये ‘रॉक बँड’ आला, त्यात ढोल आणि माइकही होता. मग लाट ओसरली. २०११ मध्ये ‘गिटार हीरो’चा विभागच बंद करण्यात आला. आता क्लोन हीरो नावाचा फुकट मिळणारा खेळ कॉम्प्युटरवर चालतो, २०२४ पासून नव्या गिटारीही पुन्हा बाजारात आल्या आहेत, आणि अमेरिकेतल्या कुणाच्या तरी माळ्यावर पडलेली जुनी गिटार मामाच्या बॅगेतून आपल्या गावात येते.

अशाच एका मामाच्या कृपेने सोळा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखत होते. मी त्याला अंगठा मुठीत दाबून धरायला सांगितले आणि मूठ करंगळीच्या दिशेने वाकवायला लावली. तो कळवळला. अंगठ्याच्या दोन कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटापाशी एका अरुंद बोगद्यातून जातात. तिथे सूज आली की असे दुखते. या दुखण्याला दे क्वेरवेन या स्विस शल्यविशारदाचे नाव आहे. त्याने १८९५ मध्येच ते वर्णन करून ठेवले. म्हणजे हा आजार गिटारीने आणलेला नाही. माझ्याकडे याचे सर्वांत जास्त रुग्ण कोण असतात सांगू? बाळाला सारखे काखेखाली हात घालून उचलणाऱ्या बाळंतिणी. त्यांना कुणी ‘बाळ माळ्यावर टाका’ असे सांगत नाही. खेळाच्या यंत्राने अंगठा दुखल्याची पहिली गाजलेली नोंदही १९९० ची आहे आणि ती रुग्ण लहान मूल नव्हती, ३५ वर्षांची बाई होती. सलग पाच तास खेळली होती.

या मुलाची तऱ्हा वेगळी नव्हती. गिटार गळ्यात अडकवायचा पट्टा हरवलेला. पलंगावर उशीला टेकून, पाठीचा धनुष्य करून तो बसायचा, गिटार मांडीवरून घसरू नये म्हणून उजवा कोपर तिच्यावर दाबून ठेवायचा आणि मनगट वाकडे करून अंगठ्याने खटका मारायचा, रोज तीन तास. असे बसून कुणी पोळ्या लाटल्या तरी मनगट धरेल.

पण त्याचे वडील मनगटासाठी आलेच नव्हते. मुलाला बाहेर पाठवून ते मला म्हणाले, ‘‘डॉक्टर, तुम्हीच त्याला सांगा की हात कामातून जाईल, बोटं वाकडी होतील. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल.’’ गिटार त्यांनी आधीच कुलपात ठेवली होती. मुलगा आठ दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता, ताट खोलीत घेऊन जेवत होता.

असा आग्रह आम्हा डॉक्टर मंडळींना नवा नाही. न जेवणाऱ्या पोराला ‘डॉक्टरकाका सुई देतील’ म्हणून दमात घेण्यापासून याची सुरुवात होते. मला हे मान्य नाही. जी गोष्ट खरी नाही ती स्टेथोस्कोप गळ्यात घालून सांगितली म्हणून खरी होत नाही. आणि आजची मुले घरी जाऊन मोबाइलवर पाहतात. एकदा डॉक्टर खोटे बोलला असे त्यांना कळले की, पुढे हाच डॉक्टर तंबाखूबद्दल सांगेल तेव्हा ती काय ऐकणार? मी वडिलांना म्हणालो, ‘‘अहो, हात कामातून जाणार नाही. तीन आठवडे विश्रांती, मनगटाला आधाराचा पट्टा, थोडी औषधं, आणि मग बसण्याची रीत बदलायची.’’ ते नाराज झाले. मी त्यांना सांगितले, तीन आठवड्यांनी मुलाला आणि गिटारीला बरोबर घेऊन या.

ते आले. मुलाने कॉम्प्युटरही आणला होता. त्याने जे दाखवले ते मला अपेक्षित नव्हते. तो खेळ खेळतच नव्हता. खेळात गाणे आधीच कुणीतरी वाजवून ठेवलेले असते; आपण फक्त ते चालू राहू देतो. पण तीच गिटार कॉम्प्युटरला जोडून एका प्रोग्रॅममधून प्रत्येक बटणाला हवा तो सूर नेमून देता येतो. त्याने पाच बटणांना सा, रे, ग, प, ध दिले होते. खटका खाली मारला की मध्य सप्तक, वर मारला की तार सप्तक. भूप झाला की! पाचच स्वरांचा राग, पाचच बटणे. ती छोटी दांडी दाबली की सूर सरकतो, तिच्यावर तो मींड काढायची खटपट करत होता. ती जमत नव्हती, सूर घसरगुंडीवरून पडल्यासारखा पडत होता; पण प्रयत्न कशाचा चालला आहे ते समजत होते.

वडील गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. थोडा वेळ ऐकून म्हणाले, ‘‘सूर बरोबर आहेत.’’ आणि लगेच, ‘‘पण ही काही पेटी नव्हे.’’ खरे आहे. मात्र पेटी हीदेखील युरोपातून आलेली, आणि १९४० पासून १९७१ पर्यंत तिला आकाशवाणीवर मज्जाव होता, हे मी त्यांना सांगितल्याशिवाय राहू शकलो नाही.

गैरसमज नको. या गिटारीने खरी गिटार येत नाही. बोटांना तार टोचत नाही, सूर चुकला तर तो आपल्या हाताने सुधारावा लागत नाही. लय मात्र पक्की होते. दोन हातांनी दोन वेगळी कामे एकाच क्षणी करायची सवय लागते आणि कधीकधी पुढची ओढ लागते. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ गॅरी मार्कस हे चाळिशीच्या उंबरठ्यावर हा खेळ खेळून खऱ्या गिटारीकडे वळले आणि त्या अनुभवावर त्यांनी २०१२ मध्ये ‘गिटार झीरो’ हे पुस्तक लिहिले. चाळिशीनंतर मेंदू नवे शिकत नाही असे म्हणणाऱ्यांनी ते जरूर वाचावे.

आणखी एका आईचा प्रश्न वेगळाच होता. तिच्या मुलाने खेळ थांबवून भिंतीकडे पाहिले आणि ‘‘आई, भिंत वर सरकतेय’’ म्हणून ओरडला. तिने मीठमोहऱ्या ओवाळल्या, मग त्याला माझ्याकडे आणले. हा आजार नाही. ठोसेघरच्या धबधब्याकडे मिनिटभर टक लावून बघा आणि मग शेजारच्या कड्याकडे पाहा, कडा वर चढताना दिसेल. १८३४ मध्ये रॉबर्ट अॅडम्स यांनी स्कॉटलंडमधल्या धबधब्यापाशी हेच लिहून ठेवले आहे. खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या मेंदूतील पेशी एकसारख्या कामाने मंदावतात, त्यामुळे काही काळ उलट दिशेचे पारडे जड होते. थोड्याच वेळात सारे पूर्ववत होते. ज्यांना फिट्स येतात त्यांनी मात्र लुकलुकणाऱ्या दृश्यांपासून जपावे. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टूनमधील एका दृश्याने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. अशा मुलांच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारा, खोलीत दिवा लावा, स्क्रीनपासून दूर बसवा.

कानांची काळजी मला मनगटापेक्षा जास्त वाटते, कारण मनगट बरे होते, गेलेला कान परत येत नाही. मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकायचे तर आवाज ८० डेसिबलपर्यंत आणि मुलांसाठी ७५ पर्यंत असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. हेडफोन लावलेल्या मुलाला हाताच्या अंतरावरून हाक मारा. त्याला ऐकू आली नाही तर आवाज जास्त आहे.

राहिला व्यसनाचा प्रश्न. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत खेळाच्या विकाराला जागा आहे. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर साऱ्या गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, हे सर्व साधारणपणे बारा महिने दिसावे लागते. दहावीच्या वर्षी मुलाला अभ्यासापेक्षा गिटार आवडते, याला विकार म्हणत नाहीत.

आता ज्याच्यासाठी हा लेख मला खरोखर लिहावासा वाटला, तो रुग्ण. वय सेहेचाळीस, धंदा शिवणकामाचा. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, डावा हात मागे राहिला. फिजिओथेरपीचे व्यायाम त्याला पाठ होते, पण करीत नव्हता. ‘‘काका, भिंतीवर बोटं चालवून माणूस वेडा होईल,’’ म्हणायचा. त्याचे म्हणणे चूक नव्हते. मेंदूतील नव्या वाटा घडायला एकेक हालचाल शेकडो वेळा करावी लागते आणि कंटाळा हा त्यातला सर्वांत मोठा अडथळा. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयर्व्हाइन येथील संशोधकांनी ‘गिटार हीरो’वरूनच कल्पना घेऊन अशा रुग्णांसाठी हातमोजा बनवला, गाण्याच्या तालावर अंगठा एकेका बोटाला टेकवायचा. जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत २००८ च्या सुमारास हात तुटलेल्या माणसांना त्यांच्या उरलेल्या स्नायूंतील विजेच्या संकेतांवर हाच खेळ खेळायला लावला, पुढे कृत्रिम हात चालवता यावा म्हणून.

आपल्याकडे तो मोजा कुठून येणार? मी त्या सोळा वर्षांच्या मुलाला विचारले. दर रविवारी तो गिटार घेऊन शिंपीदादांच्या घरी जाऊ लागला. गिटार टेबलावर आडवी ठेवली, दांड्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवला, खटका उजव्या हाताने मारायचा. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत हात गळून पडला. मुलगा मग गिटार आठवडाभर तिथेच ठेवू लागला. दोन महिन्यांनी ते रोज पाऊण तास बसत होते, मध्ये दोनदा थांबून. हात पूर्ण सुधारलेला नाही. सदऱ्याचे बटण अजून डाव्या हाताने लागत नाही. पण कापड डाव्या हाताने धरून मशीनखाली सरकवता येते. दुकानाची फळी त्यांनी दिवाळीआधी पुन्हा उघडली, अर्ध्या दिवसासाठी का होईना.

घरी ही गिटार असेल तर पट्टा लावून उभे राहून किंवा ताठ खुर्चीवर वाजवा. मनगट हाताच्या रेषेत सरळ हवे. अर्ध्या तासाने खाली ठेवून पाच मिनिटे फिरून या. दुखऱ्या हाताने वेदनाशामक गोळी खाऊन खेळत राहू नका आणि कुणाकडून मनगट चोळून घेऊ नका. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील तर तपासून घ्या. त्यामागे मधुमेह किंवा थायरॉइडही असू शकतो. अर्धांगाच्या रुग्णाला ही गिटार द्यायची असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवून द्या, खांदा दुखत असेल तर थांबा. खेळाच्या सर्वांत सोप्या पातळीला हिरवे, लाल आणि पिवळे अशी तीनच बटणे लागतात. लहान मुलांनी आणि अशा रुग्णांनी तिथूनच सुरुवात करावी. नारिंगी बटणापर्यंत करंगळी ताणायची घाई नको.