नफा म्हणजे कार्यक्षमता नव्हे

1 एप्रिल 2020 रोजी दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या. विलीनीकरणाने बँका कार्यक्षम झाल्या, असे तेव्हापासून सांगितले जाते आणि पुरावा म्हणून नफ्याचे आकडे पुढे केले जातात. हा पुरावा तोकडा आहे. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. कर्जांचे व्याज लगेच वाढले, ठेवींचे सावकाश. अशा काळात कामात तसूभर सुधारणा न होताही नफा फुगतो.

कार्यक्षमतेतील बदल मोजण्याची शास्त्रीय रीत उपलब्ध आहे. स्वीडनचे स्टेन माल्मक्विस्ट यांच्या 1953 च्या मांडणीतून आलेला निर्देशांक त्यासाठी वापरतात. तेवढ्याच मनुष्यबळात व खर्चात सर्वाधिक काम करणाऱ्या बँका मिळून एक सीमारेषा ठरवतात. एखादी बँक त्या रेषेच्या किती जवळ आली आणि खुद्द रेषा किती पुढे सरकली, या दोन गोष्टी हा निर्देशांक वेगळ्या करून दाखवतो. वाद नेमका इथेच आहे. 2016 मध्ये आलेल्या यूपीआयने व्यवहारांची पद्धतच सर्वांसाठी बदलली; त्याचे श्रेय विलीनीकरणाच्या खात्यावर जमा करता येणार नाही. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांखाली गेली आणि कुणातही विलीन न होता 2019 च्या जानेवारीत त्यातून बाहेर पडली, हेही विसरू नये.

अर्थात सूत्रात काय घालायचे, यावर उत्तर फिरते. ठेवी हे कर्जवाटपाचे साधन मानले, तर ठेवी भरपूर पण कर्जाला मागणी कमी अशा ग्रामीण शाखांची बँक मागास ठरते. ठेवी ही सेवा मानली, तर तीच पुढे येते. बुडीत कर्जांबाबत तर हे विशेष खरे आहे. 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने मालमत्तांची कसून तपासणी सुरू केली, तेव्हा दडवलेली थकबाकी उघडी पडली आणि मार्च 2018 पर्यंत एकूण थकीत कर्जांचे प्रमाण 11 टक्क्यांपुढे गेले. तपासणीआधीच्या ताळेबंदांवर विसंबून काढलेला कोणताही निर्देशांक थकबाकी दडवणाऱ्या बँकांना झुकते मापच देणार. शिवाय आज सरकारी बँका अवघ्या 12 आहेत. इतक्या थोड्या नमुन्यातून निघालेला एकच ठाम आकडा फसवा असतो. तो त्रुटीच्या मर्यादेसह द्यायला हवा.

2021 च्या अर्थसंकल्पात दोन सरकारी बँकांच्या खासगीकरणाची घोषणा झाली होती. तो विषय पुन्हा पटलावर आणण्यापूर्वी अर्थ मंत्रालयाने प्रत्येक सरकारी बँकेचे 2015 पासूनचे असे मोजमाप, निर्लेखित कर्जे धरून आणि सर्व गृहीतकांसह, संसदेपुढे ठेवावे.