विश्लेषण : ‘बायपास फॅट’ चारल्याने दुधाची फॅट खरंच वाढते का?

राज्यात गायीच्या दुधाचा खरेदीदर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रतीला धरून ठरतो. फॅट किंवा एसएनएफ एखाद-दोन पॉइंटने खाली आली, की लिटरमागे पैसे कापले जातात. त्यामुळे बायपास फॅटची पावडर आता अनेक गोठ्यांत दिसते.

तेलच का पाजू नये?

दुधातली जवळपास निम्मी फॅट कासेतच तयार होते. तिचा कच्चा माल, म्हणजे ॲसिटिक आम्ल, कडबा आणि हिरव्या वैरणीतल्या तंतूंपासून कोटीपोटात मिळतो. थेट जास्त तेल दिले, तर हे तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात. शिवाय खुराक जास्त आणि वैरण कमी असेल, तर तेलातल्या असंतृप्त आम्लांपासून असे घटक तयार होतात, जे कासेतली फॅटनिर्मितीच दाबतात. म्हणजे फॅटसाठी पाजलेले तेल फॅटच घालवते!

बायपास फॅट वेगळी कशी?

ती बहुधा पामतेलाची स्निग्धाम्ले आणि कॅल्शियम यांचा साबण असते. कोटीपोटात ती फारशी विरघळत नाही. पुढच्या आम्लधर्मी पोटात फुटते आणि आतड्यात शोषली जाते. नुकत्याच व्यायलेल्या, भरपूर दुधाच्या संकरित गायीला उर्जेची तूट पडते, तिथे तिचा खरा उपयोग. बऱ्याचदा फॅटच्या टक्क्यापेक्षा दूधच वाढते. टक्का वाढवायचा, तर पामिटिक आम्लाचे प्रमाण जास्त असलेली पावडर अधिक उपयोगी.

मग अडचण कुठे?

एसएनएफमध्ये. चरबी वाढवली की दुधातल्या प्रथिनांचा टक्का बहुधा थोडा घसरतो. प्रथिने एसएनएफमध्येच मोजली जातात. फॅटचे दोन पॉइंट मिळवून एसएनएफचा एक गेला, तर हिशेब दरपत्रक पाहूनच करावा लागतो. विक्रेता हे सहसा सांगत नाही. दिवसाला वीसेक लिटर देणाऱ्या गायीला पावडर परवडू शकते. आठ लिटरच्या गायीला तो खर्च बहुतेक वेळा अंगावर येतो.

कॅनडात २०२१ मध्ये घराघरांतले लोणी घट्ट का झाले, यावरून वाद पेटला. संशय गायींच्या खाद्यातल्या पामवर गेला आणि तिथल्या दूध उत्पादक संघटनेने पर्याय शोधण्याचे आवाहन केले. कारण पामिटिक आम्ल वाढले की लोण्याचा कडकपणाही वाढतो. आपल्याकडे मात्र तो बहुधा कुणाच्या लक्षातही येणार नाही, कारण लोण्याचे बहुतेक तूपच होते.

फॅट सारखीच कमी लागत असेल, तर आधी वैरण बघावी. मुरघास फार बारीक कापला आहे का, कडबा पुरेसा आहे का, गाय निवांत बसून रवंथ करते का, हे तपासायला पैसे लागत नाहीत.