सहा लोच, नाहीतर एकही नको

टाकीत गोगलगायी वाढल्याची तक्रार घेऊन शोभिवंत माशांच्या दुकानात गेलेल्या ग्राहकाला बऱ्याचदा एकच उपाय सुचवला जातो: एखाद-दुसरा लोच घेऊन जा. लोच गोगलगायी खातो हे खरेच आहे. पण एकट्या लोचचे त्या टाकीत पुढे काय होते, याची विचारपूस विकणारा करत नाही आणि घेणाराही करत नाही.

यातला झेब्रा लोच तर आपल्या सह्याद्रीतला मासा. शास्त्रीय नाव बोटिया स्ट्रिएटा. लांबी फार तर आठ-दहा सेंटिमीटर, पिवळसर अंगावर गडद उभे पट्टे, तोंडाजवळ मिशा. सी. आर. नारायण राव यांनी १९२० मध्ये तुंगा नदीतल्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. १९५६ मध्ये कलावार आणि केळकर यांनी कोल्हापूरच्या माशांचा अभ्यास करताना त्याचा ‘कोल्हापुरेन्सिस’ नावाचा प्रकारही नोंदवला. आज तो याच जातीत धरला जातो. कृष्णा आणि तुंगभद्रेच्या वरच्या अंगाला, स्वच्छ वाहत्या पाण्यात, दगडगोट्यांच्या आडोशाने तो घोळक्याने राहतो.

घोळका हा त्याच्या जगण्याचा पायाच आहे. लोचमध्ये मानपान असतो. कोण वरचढ, हे पाठलाग करून, अंगाला अंग भिडवून ठरते. भांडण रंगात आले की पट्टे फिके पडतात, अंग करडे दिसू लागते आणि थोड्या वेळाने रंग परत येतो. चावल्यासारखी टकटकही काचेबाहेर ऐकू येते. नवख्याला ही मारामारी वाटते, पण सहा-आठ माशांत ती विभागली जाते आणि कोणाला फारशी इजा होत नाही. दोनच मासे असले तर सगळा मार एकट्या दुबळ्याला बसतो. एकटाच असला तर तो दिवसभर दगडाखाली दडून राहतो, नाहीतर एंजलसारख्या लांब परांच्या माशांच्या मागे लागतो. मग दुकानदाराला सांगितले जाते की हा मासा भांडखोर आहे. भांडखोर तो नाही, त्याला सोबत मिळालेली नाही. म्हणून किमान सहा, आणि जमत असेल तर आठ-दहा एकत्र ठेवावेत.

सहा झेब्रा लोच ठेवायचे तर टाकी चार फुटांच्या आसपास हवी. जागा तेवढी नसेल तर थायलंडचा सिडथिमुंकी लोच बघावा. तो पाच-सहा सेंटिमीटरचा असतो, तीन फुटी टाकीत त्याचा घोळका राहतो, आणि तळ सोडून मधल्या पाण्यातही फिरतो. मात्र दुकानात ‘छोटा लोच’ म्हणून जे जे दिसते ते छोटेच राहते असे नाही. बोटभर क्लाउन लोच फूटभर वाढू शकतो. यो-यो लोचही झेब्राच्या पुढे जातो. नाव विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तळाला बारीक, गुळगुळीत वाळू हवी. धारदार खडीने मिशा झिजतात आणि अन्न शोधण्याचे त्याचे साधनच जाते. दडायला जागा माशांच्या संख्येपेक्षा जास्त ठेवाव्यात, टाकीला झाकण असावे. शेजारी म्हणून डॅनियो, रासबोरा, शांत स्वभावाचे बार्ब चांगले. नव्या टाकीत लोच कधीही सोडू नये. फिल्टरमध्ये जिवाणू रुजून अमोनिया शून्यावर आला पाहिजे, आणि त्यानंतरही टाकी काही महिने मुरू द्यावी. लोचच्या अंगावर खवले अगदी बारीक असतात, त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला लवकर गाठतो आणि औषधही लवकर बाधते. मॅलाकाइट ग्रीन किंवा तांब्याचे औषध इतर माशांच्या मात्रेत घालणे धोक्याचे आहे. नवे मासे आधी वेगळ्या टाकीत ठेवणे हाच खरा इलाज. डोळ्याखाली त्याला एक काटा असतो, तो जाळीत अडकतो. पकडायचे तर भांड्याने पकडावे.

आपल्याकडचा उन्हाळा ही मोठी अडचण आहे. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो, आणि वाहत्या पाण्याची सवय असलेल्या माशाला ते आधी जाणवते. त्यात वीज गेली की फिल्टर बंद. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ज्याच्या घरात नाही, त्याने लोच पाळू नये असे आमचे मत आहे.

आता खरा पेच. घोळका हवा म्हणून सहा घ्या म्हणायचे, आणि हे सहा येणार कुठून? आययूसीएनच्या लाल यादीत झेब्रा लोच संकटग्रस्त आहे. घरच्या टाकीत त्याची वीण सहसा होत नाही, आणि व्यापारासाठी तो नदीतून पकडला जातो. राजीव राघवन, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००५ ते २०१२ या काळात भारतातून ३० संकटग्रस्त जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातले मासे निर्यात झाले. त्यात मोठा वाटा ज्या मोजक्या जातींचा होता, त्यांत झेब्रा लोच आहे. धरणे, वाळूउपसा आणि सांडपाणी यांनी नद्या आधीच बेजार असताना हा उपसा वेगळा.

सिडथिमुंकीही मूळ नद्यांत दुर्मीळ झाला आहे, पण संप्रेरकांचे इंजेक्शन देऊन त्याची पैदास शेतीसारखी होऊ लागली आणि बाजार बराचसा त्यावर चालतो. केरळमध्ये डेनिसन बार्बची पैदास साध्य झाली आहे. झेब्रा लोचच्या बाबतीतही बाजाराची गरज पैदास केलेल्या माशांवर भागली पाहिजे. मुंबईची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय यांनी हे काम शोभिवंत मासे वाढवणाऱ्या छोट्या व्यावसायिकांपर्यंत न्यावे. तोवर वाचकांना एवढेच सांगणे आहे: मासा पैदाशीचा की नदीतला, हे दुकानदाराला विचारा. उत्तर मिळाले नाही तर झेब्रा लोच घेऊ नका. घरात आधीच एकटा लोच असेल तर त्याला तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नका. ज्याच्याकडे घोळका आहे अशा माणसाला तो देऊन टाका.