एकाच भावाच्या तीन वायरी

भगिनींनो, यावेळचे पत्र सातपाटीहून आले आहे. बाईंच्या घरी सीडी प्लेअर आणि अॅम्प्लिफायर आहे, आणि दर मंगळवारी भजनी मंडळ त्यांच्याकडेच बसते. दोन्ही यंत्रांना जोडणारी लाल-पांढऱ्या पिनांची वायर अलीकडे खरखरते, मागे घूंऽऽ असा आवाजही येतो. पालघरच्या दुकानात त्यांनी तीन कंपन्यांच्या वायरी पाहिल्या. तिन्ही दीड मीटरच्या, तिन्ही चारशे रुपयांच्या आसपास. दुकानदार एक सुचवतो, मुलगा दुसरी म्हणतो आणि दीर तिसरीवर अडून बसले आहेत. पैसे बाईंनी सुके बोंबील विकून साठवलेले, तेव्हा चूक होऊ नये अशी त्यांची इच्छा आहे.

बाई, तुमच्या गावचे पापलेट 2023 साली राज्यमासा ठरले. ते घेताना तुम्ही विकणारीचे बोलणे ऐकता, की कल्ला उघडून बघता? वायरीचेही तसेच करा.

आधी कानाचे सांगते. नीट बनवलेल्या, सारख्या लांबीच्या दोन वायरींतला फरक कानाला कळत नाही. इतक्याशा तांब्याचा अडथळा फार तर एखादा ओहम, आणि अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी तो दहा हजार ओहम किंवा त्याहूनही जास्त असतो. हौदात चमचाभर पाणी टाकले तर पातळी वाढलेली दिसेल का? ‘या वायरीने गाण्यात गोडवा येतो’ असे कोणी म्हणालेच, तर त्यांना पाठ करून बसवा. आवाजाचे बटण तसेच ठेवून दुसऱ्याने गुपचूप वायर बदलायची, किंवा बदलल्यासारखे करायचे, असे दहा वेळा. पाच-सहा उत्तरे बरोबर आली तर ते नाणे उडवण्यासारखेच झाले. नऊ आली तर मी माझे म्हणणे मागे घेईन. दीरांना हे जरूर करायला लावा, वाद मिटेल.

मग फरक असतो कुठे? पिनेत. सातपाटीची हवा खारी. पितळेच्या पिनेवरचा मुलामा पातळ असला की दोन पावसाळ्यांत हिरवट पुटे चढतात, आणि खरखर सुरू होते. सोन्याच्या मुलाम्याने आवाज सुधारत नाही, पण सोने गंजत नाही. नाशिक-पुण्याच्या घरात मी त्याकडे पाहिलेही नसते. तुमच्याकडे मात्र भाव सारखाच असेल तर तीच पिन घ्या. दुकानात पिन खोचून बघा, घट्ट बसली पाहिजे. वायर पिनेपाशी वाकवून बघा, तिथे रबराचा जाडसर गळा हवा. आतल्या तारेभोवती तांब्याची जाळी आहे का, हे विचारा. बाहेरच्या विजेची घरघर ती जाळीच अडवते. आणि लांबी लागेल तेवढीच घ्या. वेटोळी करून ठेवलेल्या जादा वायरीचा काही उपयोग नाही.

पण थांबा, पैसे काढण्याआधी एक मंगळवार जाऊ द्या. तुमचा दोष जुन्या वायरीतच आहे असे मला वाटत नाही. दोन्ही यंत्रे बंद करून प्लग काढा. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसा, पूर्ण वाळू द्या, मग भोकात घालून चार वेळा फिरवा. चिंच किंवा पितांबरी मुळीच नको! समईला ती शोभते, इथे आंबट ओल आत राहून पुन्हा गंज धरेल. खरखर बहुधा एवढ्याने जाईल.

घूंऽऽ आवाज वेगळा. तो आपल्या घरातल्या विजेचा, सेकंदाला पन्नास हेलकाव्यांचा. दोन यंत्रे दोन वेगळ्या बोर्डांवर असली की पुष्कळदा तो येतो. दोन्ही एकाच बोर्डावर लावून बघा, आणि ही वायर विजेच्या वायरीला चिकटून जाऊ देऊ नका. आवाज घालवायला प्लगची तिसरी, म्हणजे अर्थिंगची, पिन काढा असे कोणी सांगितले तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. त्या पिनेवर घरातल्या माणसांचा जीव अवलंबून असतो.

एवढे करूनही खरखर राहिलीच, तर तिघींपैकी ज्या वायरीची पिन घट्ट बसते ती घ्या, मग नाव कोणाचेही असो. वेष्टनावर किंमत, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि तक्रारीचा नंबर छापलेला हवा. दुकानदाराकडून ‘आवाज आला तर आठवड्यात बदलून देईन’ असे पावतीवर लिहून घ्या. ती पावती मुलाच्या खिशात नको, तुमच्या पैशांच्या डब्यात ठेवा.