कुंडलिकेचें उसनें पाणी

नदीवर जाणारे लोक दोन प्रकारचे असतात. कांहीं तिचें पाणी वापरतात, कांहीं तिच्या पाण्यावर खेळतात. वापरणारांकडून समाज हिशेब मागतो; कालव्याच्या पाण्याला पट्टी आहे, कारखान्याच्या पाण्याला दर आहे. खेळणारांकडून मात्र कोणी कांहीं मागत नाहीं, कारण खेळणारा पाणी संपवीत नाहीं, अशी सर्वांची समजूत आहे. वरवर पाहतां ही समजूत निरुपद्रवी दिसते. परंतु रायगड जिल्ह्यांतील कुंडलिका नदीपुरती ती अपुरी आहे, आणि तिच्या आडोशास एक मोठें विस्मरण वाढत आहे. त्या विस्मरणाविरुद्ध हा लेख आहे.

मुंबई-गोवा महामार्गावर रोहें तालुक्यांत कोलाड म्हणून गांव आहे. गेल्या कांहीं वर्षांत त्याचें नांव मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबांत सर्वतोमुखीं झालें आहे. रबरी तराफ्यांत बसून कुंडलिकेच्या खळाळत्या पात्रांतून दहाबारा किलोमीटर वाहत जावयाचें, लाटांचे तडाखे खावयाचे, आणि चिंब होऊन काठावर जेवावयास बसावयाचें, हा तेथील खेळ. त्याच पाण्यावर कांहीं जण एकट्यानें चालवावयाची कयाक घेऊन उतरतात. उत्तरेच्या बर्फाळ समुद्रांत सीलची शिकार करणार्‍या इन्युइट लोकांनीं कातड्यानें मढवून सिद्ध केलेली ही निमुळती होडी आतां प्लॅस्टिकची होऊन कोंकणांत आली आहे.

खेळास आमचा विरोध नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. सुट्टीच्या दिवशीं नदींत उतरणें म्हणजे पैशाची व वेळेची उधळपट्टी, असें म्हणणारे वडीलधारे आमच्याकडे आहेत. त्यांच्या बाजूनें हा लेख लिहिलेला नाहीं. कयाक चालविणें ही एक विद्या आहे. खडकाच्या मागें पाणी उलटें वळून क्षणभर शांत होतें, तो विसावा हेरावा लागतो. प्रवाहाशीं भांडून चालत नाहीं, त्याचा कल ओळखून वाट काढावी लागते. होडी उलटली तर पाण्याखालीं डोकें असतांना, न गोंधळतां, वल्ह्याच्या आणि कमरेच्या एका हिसक्यानें ती सरळ करावी लागते. पुस्तकांत मान घालून वाढलेल्या आमच्या मुलांस ह्याहून चांगलें शिक्षण थोडेंच मिळेल. तेव्हां आमचा आक्षेप ह्या खेळास नसून त्याच्याभोंवतीं रचलेल्या भाषेस आहे.

ती भाषा सर्वांच्या परिचयाची आहे. ‘निसर्गाच्या कुशींत’, ‘अवखळ नदीच्या भेटीस’, ‘शहराच्या यंत्रयुगापासून दूर’, अशा शब्दांनीं कोलाडची वाट दाखविली जाते. आणि शहरांतला मनुष्य आपण यंत्रापासून पळून आलों अशा समाधानांत तराफ्यांत बसतो. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. तो यंत्रापासून दूर गेलेला नसतो. यंत्राच्या तोंडाशीं जाऊन बसलेला असतो.

कोंकणांतील नद्यांचा स्वभाव कोणास ठाऊक नाहीं? आषाढांत त्या काठ फोडून धांवतात, पौषांत बारीक होतात, आणि वैशाखांत डोहाडोहांत तुटून पडतात. मग ऐन उन्हाळ्यांत, आजूबाजूचे ओढे धोंड्यांचे सांगाडे झालेले असतांना, कुंडलिकाच तेवढी फेसाळत कशी वाहते? आणि तीहि दिवसांतील कांहीं तासच कां वाहते? ठराविक वेळीं पाणी येतें, तराफे सुटतात. पाणी ओसरतें, आणि पात्रांत पुन्हा दगड दिसूं लागतात. निसर्गाची नदी अशी घड्याळावर वाहत नसते.

उत्तर सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. पुण्याच्या पश्चिमेस मुळशी येथें मुळा नदीवर टाटा कंपनीनें धरण बांधलें, आणि त्या पाण्यावर घाटाच्या पायथ्याशीं भिरा येथील वीजगृह १९२७ सालीं सुरू झालें. मुळेचें पाणी स्वभावतः पूर्वेस जाणारें. मुठेस मिळून तें भीमेस जावें, भीमेंतून कृष्णेस आणि कृष्णेंतून बंगालच्या उपसागरास, असा त्याचा सृष्टिक्रम. तो क्रम माणसानें मोडला. डोंगराच्या पोटांतून आणि नळांतून सुमारें ५०० मीटर खालीं आणून तें पाणी जलचक्रांवर सोडलें, आणि त्याची वीज मुंबईस नेली. भिर्‍याच्या खालीं त्याच पाण्यावर रवाळजे येथें शासनाचें दुसरें वीजगृह चालतें. तेथून सुटलेलें पाणी कुंडलिकेच्या पात्रांतून कोलाडकडे जातें, तेव्हां त्यावर तराफे तरंगतात. मुंबईच्या गिरण्या, आगगाड्या आणि दिवे ज्या पाण्यानें चालले, त्याचेंच हें शेष. विजेची मागणी वाढली कीं नदी वाहते, मागणी उतरली कीं नदी थांबते.

एवढ्यानें मनुष्यास लाज वाटण्याचें कारण नाहीं. वीज सर्वांस हवी आहे, आणि हें लिहिणाराहि दिव्याखालींच लिहितो. परंतु ह्या पाण्यास एक पूर्वेतिहास आहे, आणि तो निव्वळ स्थापत्यशास्त्राचा नाहीं.

मुळशीचें खोरें आंबेमोहर भातासाठीं नांवाजलेलें होतें. मुळा व निळा ह्यांच्या संगमाच्या परिसरांतील पन्नासच्या आसपास गांवें ह्या धरणानें बाधित होणार होतीं. जमिनी सरकारनें १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वयें कंपनीकरितां घेतल्या. ज्यांच्या त्या होत्या त्यांची संमति कोणी विचारली नाहीं. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळे शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट ह्यांस ‘सेनापति’ हें नांव ह्याच लढ्यानें दिलें. विनायकराव भुस्कुटे त्यांच्यासह पुढें होते. बायकाहि मागें राहिल्या नाहींत. तीन वर्षांहून अधिक काळ लढा चालला, आणि १९२४ च्या अखेरीस तो संपला. गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि माणसें जिकडे वाट फुटेल तिकडे पांगलीं. भारतांतील धरणांविरुद्धच्या लढ्यांचा आरंभ आपण येथून मोजतों. त्या लढ्याचें शतसांवत्सरिक वर्ष २०२१ सालीं येऊन गेलें. कुंडलिकेवर खेळणार्‍या किती जणांस तें ठाऊक होतें?

आतां आमच्यावर होणार्‍या आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, शंभर वर्षांपूर्वींचें मढें आज उकरण्यांत काय अर्थ? त्यास उत्तर हें कीं, घटना जुनी आहे, परंतु तिचा लाभ जुना झालेला नाहीं. तो रोज सकाळीं नव्यानें वाहत येतो. वडिलार्जित घर घ्यावयाचें आणि घरावरील कर्ज मात्र ‘तें जुनें आहे’ म्हणून नाकारावयाचें, ह्यास कोणत्याहि कुटुंबांत सभ्यपणा म्हणत नाहींत. राष्ट्राच्या व्यवहारांत तरी तो कसा म्हणावा?

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. वीज निर्माण करून पाणी सुटणारच असतें. त्यावर कोणी तरंगला म्हणून मुळशीचें एक शेतहि अधिक बुडत नाहीं, आणि तरंगला नाहीं म्हणून एकहि शेत वर येत नाहीं. हें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या व्यवस्थेवर आपला धंदा उभा राहतो तिचे आपण मूक साक्षीदार राहत नाहीं, पक्षकार होतों. हें पश्चिमेस वळविलेलें पाणी भीमेच्या खोर्‍यास परत द्यावें, अशी मागणी घाटावर अनेकदां झालेली आहे, आणि सोलापुराकडील कोरड्या शिवारांचा विचार केला तर ती पोकळ नाहीं. कृष्णेच्या पाण्याचा तंटा ज्या लवादापुढें गेला त्यासहि ह्या वळवलेल्या पाण्याची दखल घ्यावी लागली. उलट कोंकणाची बाजूहि आहे: डोलवहाळच्या बंधार्‍यावरून निघणारे कालवे ह्याच पाण्यावर आहेत. उद्यां हा वाद पेटला, तर कोलाडच्या काठावरील विश्रामगृहें कोणत्या बाजूस उभीं राहतील, हें सांगावयास ज्योतिषी नको. हितसंबंध जडला कीं मत बनतेंच. म्हणून मत बनण्यापूर्वीं इतिहास माहीत असावा, एवढेंच आमचें म्हणणें.

तिसरा आक्षेप रोजगाराचा. ह्या खेळानें गांवांत पैसा आला, तो कोणी नाकारीत नाहीं. परंतु पैसा किती आला ह्यापेक्षां गांवचा मनुष्य त्या धंद्यांत कोठें बसला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. स्वयंपाक, खोल्यांची झाडलोट, सामानाची ने-आण, हीं कामें त्याच्याकडे सहज येतात. तराफ्याच्या मागील बाजूस वल्हें घेऊन बसणारा वाटाड्या मात्र पुष्कळदां ऋषिकेशाहून किंवा नेपाळांतून आलेला असतो. तो कसबी आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाहीं. परंतु ह्याच नदीच्या डोहांत लहानपणापासून मासे धरणार्‍या कातकरी पोरास पाण्याचें कांहीं कळत नाहीं, असें कोण म्हणेल? त्यास पाणी कळतें. परवाना, भाषा आणि भांडवल मिळत नाहीं. वरच्या खोर्‍यांतून माणसें हुसकून आणलेल्या पाण्यावर खालच्या खोर्‍यांतील माणसें केवळ वाढपी होऊन राहिलीं, तर एका अन्यायाचे दोन काठ पुरे होतील.

असा प्रसंग जगांत केवळ आमच्यावरच आलेला नाहीं. ब्रिटनच्या वेल्स प्रांताचें उदाहरण घ्या. दक्षिणेकडील कोळशाच्या खाणींच्या खोर्‍यांतून वाहणारी टॅफ नदी एके काळीं कोळशाच्या भुकटीनें काळी झालेली होती. खाणी मिटल्या, पाणी निवळलें, सॅमन मासे परतले, आणि आज तिच्यावर कयाक फिरतात. ही झाली समाधानाची कथा. उत्तरेकडील ट्रिवेरिन नदीची कथा मात्र आमच्या कुंडलिकेची सख्खी बहीण शोभेल अशी आहे. लिव्हरपूल शहरास पाणी हवें म्हणून १९५७ सालीं पार्लमेंटानें कायदा केला. वेल्सच्या प्रतिनिधींपैकीं एकानेंहि त्यास अनुकूल मत दिलें नाहीं, तरी कायदा झाला, आणि १९६५ सालीं कॅपेल केलिन हें गांव शाळा, प्रार्थनामंदिर आणि दफनभूमि ह्यांसह बुडालें. त्या धरणांतून सुटणार्‍या पाण्यावर आज वेल्सचें राष्ट्रीय जलक्रीडाकेंद्र चालतें. परंतु तेथील लोक विसरले नाहींत. ‘ट्रिवेरिनची आठवण ठेवा’ हे शब्द रस्त्याकडेच्या एका पडक्या भिंतीवर रंगविलेले आहेत. ते पुसले किंवा पाडले गेले तर लोक पुन्हा उभे करतात. २००५ सालीं लिव्हरपूलच्या नगरपालिकेनें जाहीर क्षमा मागितली. गांव परत आलें नाहीं. पण खेळणार्‍यास आपण कशावर खेळतों हें कळतें. मुळशीची आठवण ठेवा, असें सांगणारी भिंत कोलाडास कोठें आहे?

ह्याच विस्मरणाची दुसरी बाजू नदीच्या खालच्या अंगास दिसते. तराफ्यांचा प्रवास रोह्याच्या बराच वर संपतो. पाणी स्वच्छ असतें तोंवर आपण नदीबरोबर असतों. धाटावच्या रासायनिक कारखान्यांपाशीं ती पोंचते तेव्हां आपण मोटारींत बसून परतलेले असतों. तेथून रेवदंड्याच्या खाडीपर्यंत मासेमारीवर जगणार्‍या कोळ्यांच्या तक्रारी जुन्या आहेत. नदीवर प्रेम करणारा मनुष्य तिच्या बारा किलोमीटरांवरच प्रेम करीत असेल, तर त्यास प्रेम म्हणावयाचें कीं गिर्‍हाइकी?

मग करावें काय? नुसती टीका करून थांबणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. प्रथम, ज्या घाटावरून तराफे सुटतात तेथें मराठींत एक ठळक फलक असावा: हें पाणी कोठून आलें, त्यासाठीं कोणतीं गांवें गेलीं, आणि कोण लढलें. ह्यास फारसा खर्च नाहीं. इच्छा मात्र लागते. दुसरें, पाणी सोडण्याच्या वेळा काठच्या प्रत्येक वाडीस आगाऊ कळाव्यात; खेळणारास त्या कळतात, मग धुणें धुणार्‍या बाईस आणि गुरें पाजणार्‍या पोरास कां कळूं नयेत? तिसरें, रोहें, माणगांव आणि मुळशी ह्या तीन तालुक्यांतील शाळांच्या मुलांस पोहणें आणि कयाक ह्यांचें शिक्षण ह्या धंद्यानें विनामूल्य द्यावें, आणि त्यांतून वाटाडे तयार करावेत. शासनानें २०२१ सालीं साहसी पर्यटनाचें धोरण जाहीर करून नोंदणीचें बंधन घातलें आहे. नोंदणीच्या अटींत ही एक अट घालणें अवघड नाहीं. चौथें, उत्पन्नाचा एक लहान भाग नदीच्या खालच्या अंगासाठीं, पाण्याच्या तपासणीसाठीं, काढून ठेवावा, आणि तपासणीचे आंकडे रेवदंड्याच्या कोळ्यांस मागितल्याविना मिळावेत.

ह्यांत धर्मादाय कांहीं नाहीं. दुसर्‍याच्या ठेवीवरील हें व्याज आहे. आमच्या वर्गास हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची खोड जुनी आहे. मुळशीच्या भातशेतीवर मुंबईनें एकदां तें ठेवलें. आतां त्याच पाण्यावर ‘निसर्ग’ म्हणून दुसरें ठेवूं नये. मुलांस घेऊन कोलाडास अवश्य जावें, त्यांच्या हातीं वल्हें द्यावें, त्यांस भिजूं द्यावें, भिऊंहि द्यावें. परंतु तराफ्यांत बसण्यापूर्वीं त्यांस पूर्वेकडील डोंगर दाखवावा, आणि हें पाणी त्या डोंगराच्या पलीकडून आणलेलें आहे व त्याची किंमत दुसर्‍यांनीं दिलेली आहे, हें सांगावें. जो बाप एवढें सांगणार नाहीं, त्यानें मुलास नदी दाखविली असें समजूं नये.